डोंगराआडचा पाऊस

पुण्याहून नसरापूर, तिथून मार्गासनी, मग साखर आणि शेवटी गुंजवणे. चोर दरवाज्याने राजगड चढणाऱ्यांना हा रस्ता तोंडपाठ असतो. खोऱ्यात आत शिरू तशी मोबाइलची रेंज लपंडाव खेळायला लागते. गावातल्या अंगणात उभं राहून हात उंच करावा, दोन पावलं पुढे-मागे सरकावं, तरी फोन मुका. आणि तोच फोन चढणीनंतर पद्मावती माचीवर पोचला की खिशात घणघणायला लागतो. टॉवर जागचा हललेला नसतो. मधला डोंगर तेवढा आडवा यायचा थांबलेला असतो.

पाऊस पाहणाऱ्या रडारलाही रेंज असते, आणि तिची गतही फोनच्या रेंजसारखीच असते. फरक एवढाच की फोनची रेंज गेली तर आपल्याला लगेच कळतं. रडारची गेली तर नकाशावर काहीच उमटत नाही, आणि काही उमटलं नाही म्हणजे पाऊस नाही असं वाटतं. ‘दिसत नाही’ आणि ‘पडत नाही’ या दोन गोष्टी नकाशावर एकाच रंगात असतात. गुंजवण्यासारख्या गावाची खरी अडचण तिथे सुरू होते.

वर्तुळाच्या आत

२०२४ च्या पावसाळ्यात गुंजवण्याला सगळ्यांत जवळची हवामान खात्याची डॉप्लर रडारं मुंबईत होती. एक कुलाब्याचं आणि दुसरं अंधेरीजवळच्या वेरावलीचं. वेरावलीचं रडार जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालं. कुलाब्यापासून गुंजवणे सरळ रेषेत साधारण ११७ किलोमीटर, वेरावलीपासून १३०. कुलाब्यासारख्या मोठ्या रडारभोवती २५० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायची पद्धत आहे. त्यात गुंजवणे बसतं, वेल्हे बसतं, अख्खा भोर बसतो. कागदावर कुणीच वंचित नाही.

पण वर्तुळ कागदावर सपाट असतं आणि पृथ्वी गोल. रडारचा झोत सरळ जातो. हवेच्या थरांमुळे तो किंचित खाली वाकतो, पण जमीन त्याहून अधिक वाकते. त्यामुळे झोत जसजसा दूर जाईल तसतसा जमिनीपासून वर उचलला जातो. हिशोब सोपा आहे: किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग करा आणि १७००० ने भागा. १०० किलोमीटरवर साधारण ६०० मीटर, २०० किलोमीटरवर २३५० मीटर. अंतर दुप्पट झालं की उंची चौपट.

शिवाय रडार अगदी क्षितिजाला घासून पाहत नाही. तसं पाहिलं तर इमारती, झाडं आणि टेकड्याच परत येतील. म्हणून त्याची सगळ्यांत खालची फेरीही साधारण अर्धा अंश वर रोखलेली असते. या अर्ध्या अंशामुळे दर १०० किलोमीटरला आणखी ८७० मीटर उंची वाढते.

आता कुलाब्याहून निघालेल्या एका झोतासोबत आपणही निघू. मुंबईचं बंदर ओलांडलं, पेणच्या दक्षिणेची खाडी आणि शेतं गेली, सुधागडच्या बाजूचे डोंगर आले. ८५ किलोमीटरवर, ताम्हिणीच्या आसपास, झोताचा मध्य समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर असतो. झोत म्हणजे काही दोरा नव्हे. विजेरीच्या उजेडासारखा तो पसरत जातो आणि इथवर येईतो दीड किलोमीटर जाड होतो. त्याची खालची कड ४०० मीटरवर, वरची १९०० वर. आणि समोर घाटमाथा उभा, हजार मीटरच्या आसपासचा. झोताचा खालचा हिस्सा तिथेच कड्यावर आपटतो. जो वरून सुटतो तो पुढे गुंजवण्यावर पोचतो तेव्हा त्याचा मध्य १८०० मीटरवर गेलेला असतो. तोरणा साधारण १४०० मीटर, राजगडाचा बालेकिल्ला त्याहून थोडा कमी, आणि गुंजवणे गाव ७०० च्या आसपास. म्हणजे कुलाब्याचं रडार गुंजवण्याकडे पाहतं तेव्हा त्याची नजर बालेकिल्ल्याच्या माथ्यावरून निघून जाते. गावाच्या कौलांपासून झोताच्या मध्यापर्यंत किलोमीटरभर हवा उरते.

पणजीचं रडार तर आणखी गंमत करतं. ते गुंजवण्यापासून ३०० किलोमीटरवर. ढगांच्या हालचाली दूरवरून टिपण्यासाठी काढलेल्या मोठ्या वर्तुळात हे गाव कदाचित त्याच्याही वाट्याला येईल. पण तिथे पोचेपर्यंत त्याचा झोत आठ किलोमीटर वर गेलेला असतो.

आषाढात आंधळं, आश्विनात डोळस

किलोमीटरभर हवा न दिसल्याने एवढं काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. ढग तर वरच असतात.

इथे ऋतू मधे येतो. ऑक्टोबर घ्या. खाचरातला इंद्रायणी भात कापून पेंढ्या उन्हात वाळत टाकलेल्या असतात. सकाळ लख्ख, दुपारनंतर उकाडा, आणि चारच्या सुमाराला पूर्वेकडून काळंभोर उठतं. हे वळवाच्या जातीचे ढग दहा-बारा किलोमीटर, कधी त्याहूनही उंच चढतात. त्यांच्या पोटात गारा असतात, मोठे थेंब असतात. १८०० मीटरवरून जाणाऱ्या झोताला असा ढग भिंतीसारखा आडवा येतो. मुंबईतल्या पडद्यावर तो लालभडक दिसतो. भात झोडणाऱ्याला तासाभराची सूचना मिळू शकते. पेंढ्या गोळा करायला, ताडपत्री ओढायला तेवढा वेळ पुरतो.

आता जुलै घ्या. लावणीचे दिवस. पाऊस चार दिवस थांबलेला नाही आणि बालेकिल्ला चार दिवस कुणाला दिसलेला नाही. हे ढग अरबी समुद्रावरून आलेल्या ओल्या वाऱ्याला घाटाने वर ढकलल्यामुळे तयार होतात. पावसाळ्यात आपल्याकडे हवेचं तापमान साधारण पाच किलोमीटर उंचीवर शून्याला पोचतं. घाटावरचे कितीतरी ढग त्या उंचीपर्यंत जातच नाहीत. त्यांत बर्फ नसतो. लहान थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि खाली येताना डोंगराला बिलगलेल्या धुक्यातलं पाणी पुसून घेत आणखी वाढतात. पावसाचा मोठा वाटा शेवटच्या हजार-दीड हजार मीटरमध्ये तयार होतो. नेमकं तेच अंतर रडारच्या नजरेखाली राहतं.

यात आणखी एक खोच आहे. रडारला पाणी मोजता येत नाही. ते परत आलेल्या लहरींचा जोर मोजतं आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतं. हा जोर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर ठरतो. थेंब दुप्पट जाड झाला तर त्याचा प्रतिध्वनी ६४ पट होतो, पाणी मात्र आठच पट. म्हणून मोजके टपोरे थेंब रडारला फार भारी वाटतात आणि असंख्य बारीक थेंब हलके. घाटावरच्या मॉन्सूनच्या पावसात बारीक थेंबांचीच गर्दी असते. महाबळेश्वरला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची, म्हणजे आयआयटीएमची, ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. तिथल्या थेंब मोजणाऱ्या यंत्रांनी हे वारंवार दाखवलं आहे. मैदानातल्या गडगडाटी पावसावर बेतलेलं सूत्र घाटाला लावलं, की उत्तर कमी येतं.

तर एकाच रडारला एकाच गावावरचा पाऊस ऑक्टोबरमध्ये चांगला दिसतो आणि जुलैमध्ये नीट दिसत नाही. रडारच्या जाळ्यातली भोकं आपण नकाशावर शोधतो, पण ती उंचीत असतात आणि पंचांगाप्रमाणे लहान-मोठी होतात.

टेहळणी

ही गोष्ट राजगडाच्या पायथ्याशी सांगायला सोपी जाते, कारण रडारचा नियम आणि गडाचा नियम एकच: जिथवर नजर सरळ पोचते तिथवर राज्य. मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधून शिवाजी महाराजांनी तिथे राजधानी उभारली. बालेकिल्ल्यावरून तोरणा, सिंहगड, पुरंदर दिसतात आणि हवा स्वच्छ असेल तर रायगड-लिंगाणाही. एका माचीने जे दिसत नाही ते दुसरी पाहते, म्हणून तीन दिशांना तीन माच्या. तरीही गडावरच्या पहारेकऱ्याला दहा कोसांवरची धूळ दिसायची, पण स्वतःच्या कड्याचा पायथा बघायला त्याला काठावर येऊन वाकावं लागायचं.

डोंगरावर बसवलेल्या रडारचंही तसंच होतं. आयआयटीएमने ढगांच्या अभ्यासासाठी एक एक्स-बँड रडार मांढरदेवला बसवलं होतं. भोरहून वाईला जाताना घाट चढून लागतं तेच काळुबाईचं मांढरदेव, समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटरवर. गुंजवण्यापासून ते ३० किलोमीटरच आहे. त्याच्या नोंदींवरून घाटातल्या ढगांची उंची किती, आयुष्य किती, घाटमाथ्यावरचे ढग आणि पलीकडच्या पर्जन्यछायेतले ढग यांत फरक काय, यावर चांगलं संशोधन झालं. पण मघाचाच हिशोब इथे लावून पाहा. १३०० मीटरवरून अर्धा अंश वर रोखलेला झोत राजगडापर्यंत येताना १६०० मीटरवर पोचतो. बालेकिल्ल्याच्या डोक्यावरून दोनेकशे मीटरने तो निघून जातो. मुंबईपेक्षा हे कितीतरी बरं, कारण झोत इथे बारीक असतो आणि वाटेत कमी अडतो. तरी खोऱ्याचा तळ त्यालाही दिसत नाही. शिवाय हे संशोधनाचं रडार. रोजचे इशारे देणाऱ्या रडारला वर्षाचे बाराही महिने जागं राहावं लागतं.

एक्स-बँड म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरी. कुलाब्याचं रडार दहा सेंटिमीटरच्या लहरी वापरतं, वेरावलीचं पाच. लहर आखूड असेल तर ताटली लहान चालते, यंत्र स्वस्त पडतं आणि डोंगरावर चढवता येतं. पण आखूड लहर मोठ्या पावसात लवकर दमते. समोर मुसळधार सर असेल तर तिच्यापलीकडचा पाऊस तिला फिका दिसतो किंवा दिसतच नाही. म्हणून लहान रडार एकटं कामाचं नाही. त्याला शेजारी लागतो, जो त्याच सरीकडे दुसऱ्या बाजूने पाहील.

पुण्याबाबत तर ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आठवल्याशिवाय राहत नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. पाषाणला आयआयटीएम आहे, १९६२ सालापासूनची. देशभराच्या मॉन्सूनचा अभ्यास इथे होतो. तरी २०२४ च्या पावसाळ्यात शहरात आणि भोर-वेल्ह्याकडे हवामान खात्याचं रोजच्या कामाचं डॉप्लर रडार नव्हतं. सगळी भिस्त घाटापलीकडच्या मुंबईवर.

त्याच पावसाळ्यातला २५ जुलैचा दिवस पाहा. सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस झाला, लवासाला ४५३, आणि शिवाजीनगरला ११४. ताम्हिणी आणि शिवाजीनगर यांच्यात सरळ रेषेत ५० किलोमीटरही अंतर नाही. असा पाऊस पडत असताना ‘पुणे जिल्ह्यात मुसळधार’ हे वाक्य खरं असलं तरी कुणाच्याच उपयोगाचं नसतं. हवामान खातं अलीकडे पुण्याचा आणि साताऱ्याचा घाटभाग वेगळा काढून इशारे देतं, ही मोठी सुधारणा आहे. पण इशारा वेगळा काढला म्हणून घाटातली सर दिसायला लागते असं नाही.

वरचा डोळा, खालचं भांडं

रडार चुकलं तर उपग्रह आहेच की, हा पुढचा प्रश्न. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस आणि त्याची भावंडं दिवसरात्र आपल्याकडे बघत असतात. उपग्रहाला डोंगर आडवा येत नाही, पण त्याला ढगाचं पोट दिसत नाही, टाळू दिसते. टाळू जितकी थंड तितका ढग उंच, आणि ढग उंच म्हणजे पाऊस जास्त, असा त्याचा साधारण तर्क असतो. ऑक्टोबरच्या ढगाला तो बरोबर लागतो. जुलैच्या बुटक्या, कोमट माथ्याच्या ढगाला लागत नाही. जिथे रडार कमी सांगतं तिथेच उपग्रहही कमी सांगतो, आणि दोन साक्षीदारांचं एकाच चुकीवर एकमत होतं.

मग उरतं जमिनीवरचं भांडं. पर्जन्यमापक पावसाबद्दल कधी तर्क करत नाही. पडलं ते झेललं, एवढंच त्याचं काम. पण त्याचं तोंड वाडग्याएवढं, आणि आजूबाजूला डोंगर. राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळागणिक एक अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. देशात फार थोड्या राज्यांकडे एवढं दाट जाळं आहे. पण मंडळ म्हणजे कितीतरी गावं, आणि वेल्ह्यासारख्या भागात त्या गावांच्या मधे कडे, खिंडी आणि नद्या. केंद्र सोयीच्या, सपाट, रस्त्यालगतच्या जागी असतं आणि पाऊस कड्यावर. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस ही अतिवृष्टीची सरकारी व्याख्या. मंडळाच्या भांड्यात ६१ पडले आणि डोंगराखालच्या वाडीत १६१, तरी कागदोपत्री अतिवृष्टी झालेली नसते. खाचराचा बांध मात्र फुटलेला असतो.

खालच्या अंगाला धरणांचाही हिशोब याच पाण्यावर चालतो. भाटघर, नीरा देवघर, वीर आणि गुंजवणी या चार धरणांची मिळून साठवण ४८ टीएमसीच्या थोडी वर. पाणी कधी आणि किती सोडायचं हे ठरवताना घाटमाथ्यावर गेल्या तीन तासांत काय पडलं हे कळणं सोन्याच्या मोलाचं असतं. नदीची पातळी ते सांगतेच, पण पाणी आल्यावर.

जिथे आकडा नव्हता

२२ जुलै २०२१. वरंध घाटाने भोरहून खाली उतरलं की महाडच्या बाजूला तळिये लागतं. त्या दिवशी गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याआधी सात वर्षं, ३० जुलै २०१४ ला, आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच गेलं. दीडशेच्या आसपास माणसं मातीखाली सापडली, आणि बाहेरच्या जगाला ते कळलं नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. गाव होतं तिथे त्याला गाव दिसलं नाही.

चांगलं रडार असतं तर ही गावं वाचली असती, असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. दरड कोसळायला उतार, माती, खडकातल्या भेगा, पाण्याच्या वाटा आणि वर माणसाने केलेली खोदाई, इतकं सगळं लागतं. रडार डोंगराच्या पोटात पाहत नाही. पण कुठल्या कड्यावर तासाभरात किती पाणी ओतलं गेलं हे वेळेवर कळलं, तर ‘आज रात्री शाळेत झोपा’ असं सांगायला निदान कारण हातात असतं. रायगड-पुण्याच्या अख्ख्या घाटाला एकच लाल रंग दिला की तो रंग तिसऱ्या दिवशी कुणी मनावर घेत नाही.

मुंबईनेही हा धडा स्वस्तात घेतला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहराची दोन टोकं. त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. ते नंतर आलं. कोट्यवधींच्या शहरालाही आधी बुडावं लागलं, मग वाडीचा नंबर कधी लागणार, हा प्रश्न रास्त आहे.

दुसऱ्यांनी काय केलं

अमेरिकेत दीडशेहून अधिक मोठी रडारं आहेत. तरी वॉशिंग्टन राज्याचा किनारा कित्येक वर्षं ऑलिंपिक पर्वताच्या आड राहिला. प्रशांत महासागरावरून येणारी वादळं रडारला दिसायची ती डोंगर ओलांडल्यावर. शेवटी २०११ मध्ये लँगली हिल इथे किनाऱ्याच्याच अंगाला नवं रडार बसवलं गेलं. स्वित्झर्लंडने आल्प्सच्या आतल्या दऱ्या दिसाव्यात म्हणून जवळजवळ तीन हजार मीटर उंचीच्या शिखरांवर रडारं चढवली.

आपल्याकडे उत्तराखंडात मुक्तेश्वर आणि सुरकंडा देवी इथे डोंगरावरची रडारं आली. सुरकंडा देवी काय, मांढरदेवची काळुबाई काय, आपल्या देवांनी मोक्याच्या जागा आधीच हेरून ठेवल्या आहेत. चहूकडे नजर जाईल असा माथा देवळालाही हवा असतो आणि रडारलाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘मिशन मौसम’ला मंजुरी दिली. दोन वर्षांसाठी २००० कोटी रुपये, आणि त्यात रडारचं जाळं दाट करणं हे मोठं काम.

जाळं दाट करताना सह्याद्रीत मोठ्या वर्तुळांच्या मोहात पडून चालणार नाही. २५० किलोमीटरचं आणखी एक वर्तुळ काढलं की नकाशा भरतो, खोरं भरत नाही. इथे ५०-६० किलोमीटर पाहणारी, एकमेकांच्या पाठीमागचं पाहणारी लहान रडारं लागतील. काही माथ्यावर, काही मुद्दाम खाली. आणि त्यांना खरं-खोटं सांगायला जमिनीवर पुष्कळ भांडी लागतील, कारण घाटाचं सूत्र घाटातल्याच भांड्यावरून जुळवावं लागतं.

यातलं एक काम सरकारची वाट न बघता करता येतं. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा कुठलाही डबा घ्यायचा. झाडापासून आणि वळचणीपासून दूर, मोकळ्यावर घट्ट बसवायचा. सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खातं देशभर जेव्हा पाऊस मोजतं त्याच वेळी, शाळेची पट्टी आत बुडवायची. पाणी एक सेंटिमीटर तर पाऊस दहा मिलिमीटर. आकडा वहीत लिहायचा, डबा रिकामा करून परत ठेवायचा. चार पावसाळे ही वही चालली, तर गुंजवण्याच्या खोऱ्यात कुठे किती पडतं याचा असा कागद तयार होईल जो आज मुंबईच्या, पुण्याच्या किंवा दिल्लीच्या कुठल्याही संगणकात नाही.

लावणीच्या दिवसांत खाचरात वाकलेली बाई मधेच कंबर सरळ करून वर बघते. माची गेली, बालेकिल्ला गेला, म्हणजे वर जोर आहे आणि थोड्या वेळात ओढा चढणार. तिचा हा अंदाज ज्या सातशे मीटर हवेवर बांधलेला असतो, ती हवा अजून एकाही रडारने नीट पाहिलेली नाही. डब्यातल्या पट्टीवर आज ११ सेंटिमीटर भरले तर तो अंदाज पहिल्यांदाच आकड्यात उतरेल. आणि रेंज नसली तरी तो माचीवर जाऊन पाठवता येईल.